पहाऱ्याचा पिंजरा

विद्यापीठाच्या उंदीरघरातून, म्हणजे प्रयोगाचे उंदीर पाळतात तिथून, घरी आले की माझा नवरा मला दारातच हुंगायचा आणि म्हणायचा, "गिझी, आज पुन्हा मावसभावांकडे गेली होतीस वाटतं." त्यावर मी त्याला काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी तिथे पिंजरे धुवायचे. मुताने भिजून घट्ट झालेला भुसा खरवडायचा, पिंजरे गरम पाण्याच्या मशीनमध्ये लावायचे, वाळवायचे आणि वाफेच्या भट्टीतून पलीकडे सरकवायचे. डोळ्यांची आग करणाऱ्या त्या वासाला अमोनिया म्हणतात, हे तिथल्या शिकलेल्या लोकांनी मला कौतुकाने सांगितलं होतं. नाव कळल्यावर आग काही कमी झाली नाही. पण उंदरांची मला कधी किळस आली नाही. उंदीर मुततो, त्यात त्याचा काय दोष? किळस आली ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती इतकी आली की वर्ष उलटलं तरी घशाशी येते. सांगायचं तर बोद्नार योलानपासून सांगायला हवं, कारण सगळं खापर फुटलं ते तिच्या डोक्यावर.

योलान आमच्या उंदीरघरात आतल्या बाजूला काम करायची. सगळे तिला योलान नेनी म्हणायचे, मावशी म्हणावं तसं. शहर सोडून बसने थोडं गेलं की सपाट शेतं लागतात, त्यात एकेकटी घरं आहेत, त्यातलं एक तिचं. नवरा गेलेला, मुलगी ऑस्ट्रियात म्हाताऱ्यांची सेवा करायला गेलेली, नात अधूनमधून येणारी. घरी कोंबड्या, एक डुक्कर, मक्याची कोठी आणि अंगणात हातपंप. आणि बाई इतकी स्वच्छ की माणसाला भीती वाटावी. तिच्याकडे गेलं की आधी चपला बाहेर, मग पंपावर कोपरापर्यंत हात धुवायचे, मग उंबरा. मी एकदा कंटाळून म्हटलं, "योलान, मी काय ऑपरेशन करायला आलेय?" तर म्हणाली, "तू पिंजरे धुतेस. हात धुतलेस तर झिजणार नाहीस."

अशी बाई उंदीरघराला लाभली हे उंदीरघराचं नशीब. आत जायचं तर अंगावरचं सगळं उतरवायचं, आंघोळ करायची, केससुद्धा धुवायचे आणि पलीकडून भट्टीतले कपडे घालायचे. शिकलेली पोरं काय करायची? नळ सोडायची, त्याखाली फोनवर गप्पा मारायची आणि केस ओले करून बाहेर यायची. योलान खरंच आंघोळ करायची, हिवाळ्यातही, रोज. तिथला नियम होता की काम करणाऱ्याने घरी उंदीर, हॅमस्टर असलं काही पाळायचं नाही, कारण त्यांचा रोग आपल्या अंगावरून आत येतो. तिच्या नातीला कुणीतरी हॅमस्टर दिला होता. योलानने तो त्याच दिवशी परत करायला लावला. पोरगी रडली, कितीतरी दिवस आजीशी बोलली नाही. योलान मला म्हणाली, "रडू दे. माझ्या आतल्या पोरांचं कोण बघेल?"

आतली पोरं म्हणजे प्रोफेसर हाल्मोश एंद्रे यांची उंदरांची एक खास जात. मेंदूतल्या पेशींवर रिसेप्टर असतात, एका पेशीने पाठवलेला निरोप दुसरीच्या रिसेप्टरवर येऊन पोचतो, एवढं मला समजलंय. ह्या उंदरांमधलं त्यातल्या एका रिसेप्टरचं जनुकच काढून टाकलेलं होतं. निरोप यायचा, पण घ्यायला दारात कोणी नाही. त्यामुळे त्यांना भीती वाटेनाशी झाली होती. साधा उंदीर उघड्यावर सोडला की भिंतीला चिकटतो. हे मधोमध बसून मिश्या साफ करायचे. चेंगे नावाची एक मुलगी त्यांच्यावर डॉक्टरेट करत होती. हडकुळी, नखं खाणारी, पण भली मुलगी. उंदीर न घाबरता चालले की ही घाबरायची, आकडे खरे आहेत ना म्हणून.

तर ह्या निडर उंदरांची एक खोड होती. आयांना पिल्लांचीही पर्वा नव्हती. पिल्लं गारठून निळी पडायची आणि आई आपली कोपऱ्यात दाणे फोडत बसायची. जात बुडायला आली होती. तेव्हा योलानने ती पिल्लं पांढऱ्या दायांकडे दिली. नुकत्याच व्यालेल्या पांढऱ्या माद्या असतात, त्यांच्या घाणेरड्या भुशात परकं पिल्लू घोळवायचं, मग त्याला तिचाच वास येतो आणि ती जवळ घेते. ही युक्ती पुस्तकातही आहे, चेंगेनेच मला दाखवली. पण पुस्तक वाचून चेंगेने दिलेली पिल्लं दाया खायच्या आणि योलानने दिलेली पाजायच्या. का, ते योलानलाही सांगता येत नव्हतं. "हात गरम असतील माझे," एवढंच म्हणायची.

पिल्लं जगली, जात टिकली आणि त्या हिवाळ्यात योलानने डुक्कर कापलं तेव्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. प्रोफेसरही आले. सकाळपासून आतडी धुणं, मांस वाटणं, सॉसेज भरणं, मोठ्या कढईत चरबी कढवणं. प्रोफेसर पांढऱ्या मफलरमध्ये इकडून तिकडे फिरत होते आणि नाकाने कांदे सोलत होते, मिरी कमी, पाप्रिकाची लाल पूड जास्त. मक्याच्या कोठीत डोकावले तर एक उंदीर त्यांच्या बुटावरून पळाला. प्रोफेसर हसून म्हणाले, "योलान नेनी, तुमच्या घरचे तर आमच्यापेक्षा तगडे आहेत."

"मका खातात, प्रोफेसर साहेब. तुमच्या खुराकाच्या गोळ्या खात नाहीत."

सगळे हसले. जेवणानंतर प्रोफेसरांनी प्लमच्या दारूचे दोन प्याले भरले आणि योलानसमोर उभे राहिले. आमच्याकडे अहो-जाहो सोडून अरे-तुरेवर यायचं तर हातात हात गुंतवून एकत्र प्याला घ्यावा लागतो, मग गालाला गाल लावायचा, आणि ते झालं की झालं, मरेपर्यंत. सगळ्यांसमोर त्यांनी तिच्याबरोबर तो प्याला घेतला. म्हणाले, "आजपासून मी एंद्रे. तुझ्यामुळे माझी जात जगली, योलान." तिचे कान लाल झाले होते. भांडी घासताना मला हळूच म्हणाली, "एंद्रे म्हणायचं म्हणजे जिभेला गाठ पडते गं." पण खूश होती. मीही खूश झाले होते, खोटं कशाला बोलू. तेव्हा मला हा माणूस बरा वाटला होता. शी.

जूनमध्ये योलानचा नावदिन असतो, कॅलेंडरात त्या नावाचा ठरलेला दिवस. आमच्याकडे वाढदिवसापेक्षा नावदिनाला जास्त मान, त्यादिवशी ज्या बाईचं ते नाव तिला फुलं, चॉकलेट, केक काही ना काही येतंच. त्या दुपारी मी धुण्याच्या खोलीत होते. माझ्या खोलीच्या भिंतीला एक दुहेरी झडप आहे, बाहेरची वस्तू फवारा मारून तिच्यातून आत द्यायची. प्रोफेसर आले. हातात चौकातल्या मिठाईवाल्याचं केकचं खोकं, वर गुलाबी फीत. झडपेपलीकडे काचेआड योलान उभी.

"नावदिनाच्या शुभेच्छा, योलान. हे घे, आत घे."

"आत केक? आत खायला मनाई आहे, एंद्रे."

"खायचा नाहीये. सांभाळायचा आहे."

तेव्हा मी खोक्याकडे नीट पाहिलं. झाकणाला भोकं पाडलेली होती. केकला श्वास घ्यायला भोकं कशाला लागतात हो? आणि आतून खरवडल्याचा आवाज. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

प्रोफेसरांना माझी पर्वाच नव्हती. पिंजरे धुणारी बाई म्हणजे मशीनचाच एक भाग. ते काचेला तोंड लावून सांगत होते. सीमेपलीकडच्या मित्राकडून दोन नर आणलेत. दुसऱ्याच एका रिसेप्टरचं जनुक काढलेले. आपल्या निडर माद्यांशी त्यांची जोडी लावली की दोन्ही जनुकं नसलेला उंदीर मिळेल. एक जर्मन गट तेच करतोय, तो पुढे गेला की आपली सगळी मेहनत पाण्यात.

"मग वेगळ्या खोलीत ठेवू," योलान म्हणाली. "नवीन आलेले आधी तिकडे, तपासून मग इकडे."

"त्याला महिने जातात. परवान्याला आणखी महिने. माझ्याकडे महिने नाहीत. मित्राच्या घरात कसलाही रोग नाही, त्याने शपथेवर सांगितलंय."

"उंदरांनी सांगितलंय का?"

प्रोफेसर आवाज मऊ करून म्हणाले, "योलान, आपल्यात प्याला झालाय. मी तुझ्या अंगणात जेवलोय. मी कधी काही मागितलं तुझ्याकडे?"

मी मागून म्हटलं, "घेऊ नकोस." प्रोफेसरांनी मान वळवली, मशीनला तोंड फुटल्यासारखं पाहिलं आणि पुन्हा काचेकडे वळले. योलानने झाकणाच्या भोकांकडे पाहिलं. मग झडप उघडली. तिचं चुकलंच. मी तिला तोंडावर सांगितलं, आजही सांगते. पण त्या माणसाने तिला दारू पाजली होती ती ह्या दिवसासाठीच, असं मला तेव्हापासून वाटतं आणि ते डोक्यातून जात नाही.

आता पहाऱ्याच्या पिंजऱ्याचं सांगते. उंदीरघरात प्रत्येक खोलीत एक पिंजरा असतो, त्यातले उंदीर साधे, कसल्याच प्रयोगाचे नाहीत. पिंजरे बदलताना खोलीतल्या प्रत्येक पिंजऱ्यातला चमचाभर घाण भुसा त्यांच्या पिंजऱ्यात टाकायचा. सगळ्यांचं मूत, सगळ्यांची लेंडी, सगळ्यांचा रोग त्यांच्या अंगाखाली. काही आठवड्यांनी त्यांना मारून रक्त तपासायचं. खोलीत रोग असेल तर तो ह्यांना आधी होतो. मला हा प्रकार पहिल्यापासून आवडत नव्हता. योलानने त्यांच्यासाठी कागदाची घरटी करून ठेवली होती. म्हणायची, "लोकांची घाण अंगावर घेतात बिचारे, निदान अंथरूण तरी मऊ असावं."

त्या उन्हाळ्यात पहाऱ्याच्या उंदरांच्या रक्तात विषाणू सापडला. आतड्याचा रोग, मोठे उंदीर तग धरतात, पिल्लं पटापट मरतात. पांढऱ्या दायांच्या कुशीत पिल्लं वाळून चिपाडं झाली. आणि हा रोग खोलीतून खोलीत पसरला होता, म्हणजे इलाज एकच, सगळं उंदीरघर रिकामं करायचं. प्रोफेसरांनी त्यांच्या जातीचे गर्भ आधीच गोठवून दुसऱ्या शहरात ठेवले होते. त्यांची जात सुरक्षित होती. प्रश्न राहिला तो एकच, रोग आणला कुणी.

विद्यापीठाने चौकशीला तीन माणसं नेमली. आम्हा सगळ्यांना वरच्या सभागृहात बसवलं. प्रोफेसर पहिल्या रांगेत, चेंगे भिंतीशी नखं खात, मी दाराशी, योलान पुढच्या खुर्चीत, इस्त्रीच्या ब्लाउजमध्ये, हात मांडीवर. समितीतल्या चष्म्याच्या बाईने विचारलं, "नेनी, तुमच्या घरी उंदीर आहेत का?"

आता तिथे कुठलाही शहरी माणूस नाही म्हणाला असता. सगळ्यांनी नाहीच म्हटलं होतं, ज्यांच्या बाथरूममध्ये झुरळं नांदतात त्यांनीसुद्धा. योलान म्हणाली, "शेतावर घर आहे. कोठीत मका आहे. उंदीर नसतील कसे?"

"म्हणजे तुमचा त्यांच्याशी संपर्क येतो."

"मी सापळे लावते. मांजर आहे. कोठीत वेगळे बूट वापरते. इथे आल्यावर आंघोळ करते."

"पण उंदीर आहेत."

"आहेत."

तेवढ्यात प्रोफेसर उठले. मला वाटलं, बोलेल आता, काहीही झालं तरी तिच्या ताटात जेवलाय. तो म्हणाला, "मला हे सांगताना फार वाईट वाटतं. योलान नेनी अतिशय प्रामाणिक आहेत. मी त्यांच्या घरी गेलोय. कोठीत उंदीर मोकळे फिरत होते, एक माझ्या बुटावरून गेला. त्यांना दोष देता येणार नाही. गावाकडच्या सवयी असतात, स्वच्छतेची कल्पना वेगळी असते. आपणच अशा लोकांना आत घेताना विचार करायला हवा होता."

अशा लोकांना. स्वच्छतेची कल्पना वेगळी. ज्या घरात उंबरा ओलांडण्याआधी ह्याला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, ज्या घरचं सॉसेज बोटं चाटत खाल्लं, त्या घराची घाण काढत होता. आणि पुन्हा नेनी. पुन्हा अहो-जाहो. प्याला जसा काही कुत्र्याबरोबर घेतला होता.

मी उभी राहिले. "साहेब, तिच्या नावदिनाला तुम्ही आणलेल्या केकच्या खोक्यात काय होतं, तेवढं सांगा की यांना. झाकणाला भोकं होती ती कशाला?"

सगळं सभागृह वळलं. प्रोफेसर माझ्याकडे बघून हसले, दमलेल्या माणसाने लहान पोराला बघून हसावं तसं. "केक होता, गिझी. नावदिनाला आणखी काय नेतात?"

चष्म्याच्या बाईने योलानला विचारलं. "नेनी, खोक्यात काय होतं?"

योलानने वर पाहिलं. प्रोफेसरांकडे नाही, भिंतीशी बसलेल्या चेंगेकडे. चेंगेचं बोट तोंडात होतं आणि तिला काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"केक," योलान म्हणाली.

झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशाने स्वतःच दोर गळ्यात घालून घेतला. निर्णयात लिहिलं गेलं की रोग बहुधा कर्मचाऱ्याच्या घरून, अस्वच्छतेमुळे आला. योलानला घरी बसवलं.

बस थांब्यावर मी तिच्यावर तुटून पडले. "बाई आहेस की पायपुसणं? त्या नालायकासाठी खोटं बोललीस?"

"त्याच्यासाठी नाही बोलले."

"मग?"

"जनुक बदललेले उंदीर परवान्याशिवाय सीमेपलीकडून गाडीत घालून आणले, हे बाहेर आलं तर उंदीरघर कायमचं बंद होईल. त्याचं काय, तो उद्या दुसरीकडे खुर्चीत बसेल. चेंगेची इतक्या वर्षांची मेहनत जाते. तुझं काम जातं."

"मी कुठेही भांडी घासेन."

"तू घासशील. ती पोरगी काय घासेल?" मग तिने रुमालाने ब्लाउजची बाही झटकली, तिथे काहीच नव्हतं. "पण गिझी, त्याने असं का म्हणावं? रोग आला म्हण, माझ्यामुळे आला म्हण. मी घाण आहे असं का म्हणावं? तो पंपावर हात धुऊन माझ्या घरात आला होता."

ती नोकरी गेल्यावर नाही रडली, ह्या एका गोष्टीवर रडली. पुढे तेच झालं. शेजारच्या शेतावरच्या बायका तिच्याकडची अंडी घेईनाशा झाल्या. तिच्या हातचा मुरंबा चर्चच्या जत्रेत आधी संपायचा, त्या वर्षी बरण्या तशाच घरी आल्या. "विद्यापीठाने सांगितलंय म्हणे," एक बाई मला म्हणाली. मी तिला म्हटलं, तुझ्या घरातली चादर आधी पालथी घालून बघ. पण एका तोंडाने किती तोंडं बंद होणार?

उंदीरघर रिकामं करायचा दिवस आला तेव्हा योलानला बोलावलंच नव्हतं. ती आपली आपण आली. फाटकावरच्या माणसाला म्हणाली, "परक्या हातांनी नको." शेवटी आत सोडलं, कारण ते काम करायला कुणीच तयार नव्हतं. पिंजरे एकेक करून पेटीत ठेवायचे, वायू सोडायचा. निडर उंदीर शेवटपर्यंत मिश्या साफ करत होते. पहाऱ्याचा पिंजरा तिने सगळ्यात शेवटी घेतला. प्रोफेसर त्या दिवशी नव्हते, कुठल्याशा परिषदेत भीती या विषयावर भाषण द्यायला गेले होते. मी सगळे पिंजरे धुतले. त्या दिवशी नेहमीचा वास नव्हता, नुसता भुशाचा वास. मी धुण्याच्या खोलीतच ओकले.

ते उंदीरघर पुन्हा उघडलंच नाही, पण चेंगेची डॉक्टरेट झाली. पुढे कुणीतरी तिला खोक्याचं खरं सांगितलं असावं, मीच सांगितलं, कशाला लपवू. ती योलानकडे गेली होती म्हणे, उंबऱ्यावर बसून रडली आणि परत गेली. सध्या एका शाळेत शिकवते.

यंदाच्या जूनमध्ये योलानच्या नावदिनाला मी तिच्याकडे गेले. आणखी कोणी आलं नव्हतं. अंगणात झाडाखाली आम्ही आंबट चेरीच्या बिया काढत बसलो होतो. कोंबड्या पायात घोटाळत होत्या. रस्त्यावर एक गाडी थांबली आणि तिच्यातून प्रोफेसर हाल्मोश उतरले, हातात त्याच मिठाईवाल्याचं खोकं, वर गुलाबी फीत. मला वाटलं माझे डोळे बिघडले. लाज नावाचं जनुक कुणी काढून टाकलं असेल तर ह्याचंच.

"योलान! नावदिनाच्या खूप शुभेच्छा." परत तू. परत हसू.

योलान उठली, फाटकापर्यंत गेली, पण फाटक उघडलं नाही. मी मागे उभी राहिले.

"बोला," ती म्हणाली.

ते खोक्याची फीत चाळवत बोलत राहिले. त्या दुसऱ्या शहरात नवीन उंदीरघर झालंय. गोठवलेले गर्भ रुजले, जात पुन्हा उभी राहिली. पण आया पिल्लांकडे बघत नाहीत आणि तिथल्या मुलींनी दिलेली पिल्लं दाया खाऊन टाकतात. एकामागून एक पिलावळ जाते. "तूच हवीस, योलान. तुझे हात हवेत. राहायला खोली देतो. मागचं सगळं विसरून जाऊ."

"कोण म्हणून येऊ?"

"म्हणजे?"

"तिकडे विचारतील ना, ही कोण. विद्यापीठाच्या कागदावर आहे तीच ना? जिच्या घाणीने उंदीरघर गेलं ती?"

"तो कागद कोण वाचतो आता?"

"अंडी घेणाऱ्या बायका वाचतात." योलानचा आवाज जराही चढला नव्हता. "तो कागद बदला. केकच्या खोक्यात काय होतं ते लिहा. तुमचं उंदीरघर तर गेलंच, आता कुणाचं काही जायचं राहिलं नाही. मग उद्या येते. पगार नको."

प्रोफेसरांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "योलान, तू समजून घे. आता ते कसं शक्य आहे? माझं नाव अकादमीच्या सदस्यत्वासाठी गेलंय. ह्या वर्षी तरी नाही." मग खोकं फाटकावरून पुढे केलं. "निदान हे तरी घे. आत येऊ दे मला, बसून बोलू. आपल्यात प्याला झालाय."

योलानने हात पुढे केला नाही. म्हणाली, "खोकं बाहेरच राहू दे, प्रोफेसर साहेब. बाहेरून आलेलं काही तपासल्याशिवाय मी आत घेत नाही. एकदाच घेतलं होतं."

"आणि मी?"

"तुम्हीही."

प्रोफेसर खोकं फाटकाच्या खांबावर ठेवून गाडीत बसले आणि गेले. मी खोकं उघडलं. ह्या वेळी भोकं नव्हती, खरंच केक होता, वर साखरेने तिचं नाव लिहिलेला. मी विचारलं, "टाकू?" योलान म्हणाली, "डुकराला घाल. त्याचं पोट सगळं घेतं."

मी घातला. डुकराने नावासकट खाल्ला. परत आले तर योलान पंपाशी उभी होती आणि कोपरापर्यंत हात धूत होती, साबण लावून, नखांतून घासून. खोक्याला तिने बोटही लावलं नव्हतं. मी पंप हापसत राहिले. तिने दोनदा साबण लावला, हात झटकले आणि चेरीच्या टोपलीपाशी जाऊन बसली.